ग्रुपवर टाका, मॅडम

४ डिसेंबर, गुरुवार

आज पुन्हा तेच. ग्रुपवर विचारलं एकाने, उत्तर गेलं तिसऱ्याला, आणि बाकीच्यांनी हात जोडून ‘ओके सर’.

शाळा सुटल्यावर वर चढले, मोहाच्या झाडाशी (इथे महू म्हणतात). शाळेत रेंज नाही, माझ्या खोलीत नाही, पाड्यात कुठेच नाही. त्या झाडाखाली तेवढ्या दोन काड्या येतात. दिवसभराचे मेसेज तिथे एकदम कोसळतात, कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा काही पत्ता लागत नाही. तालुक्याला धडगावात पंख्याखाली बसलेल्यांना हे कळायचं नाही. त्यांच्याकडे एकेक मेसेज टिंग करून येतो.

आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचा ग्रुप. मालक केंद्रप्रमुख साहेब. (यापुढे के. प्र., रोज एवढं लांब लिहायची त्यांची लायकी नाही.)

आज मी टाकलेला प्रश्न इथे उतरवून ठेवते. नंतर म्हणतील, मॅडमनी नीट विचारलंच नव्हतं.

“सर, वनिता, पाचवी. आईवडील आणि दोन भाऊ ऊसतोडीला गुजरातेत गेले आहेत. भावांना हमी कार्ड दिलं आहे, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल. वनिता मात्र काकांकडे गावातच आहे, रोज शाळेत येते. स्थलांतराच्या यादीत अख्ख्या कुटुंबाचं नाव लागलंय. पोर्टलवर वनिताचं नाव राहू द्यावं, काढू नये. कृपया कळवा.”

यात न समजण्यासारखं काय आहे? पहिलीतलं पोर सांगेल.

५ डिसेंबर

के. प्र. यांचा वाढदिवस. गुलाब, केक, समया, हात जोडलेले, टाळ्या, पुन्हा गुलाब. एकाने व्हिडिओ टाकलाय, त्यात साहेबांचा फोटो सूर्यातून उगवतो. झाडाखाली उभी राहून बोट सरकवत राहिले, माझा प्रश्न कुठे गाडला गेला ते शोधत.

सापडला. खाली उत्तर नाही. त्याच्या लगोलग आमच्याच एका सहकाऱ्याने लिहिलंय, “साहेब, आपणांस उदंड आयुष्य लाभो.”

लाभो की. त्या आयुष्यातलं अर्धं मिनिट वनिताला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

तिचं का एवढं, तेही लिहून ठेवते. आमची शाळा पाचवीपर्यंत. पुढची शाळा घाट उतरून. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला ती बसतेय, फॉर्म मीच भरलाय. पास झाली तर सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिकडे. नाही झाली तर पुढच्या दिवाळीनंतर आईबापाबरोबर उसाच्या फडात. या परीक्षेसाठीच बापाने तिला मागे ठेवलं. धाकटे नेले आणि हिला ठेवलं, हे त्या माणसाला किती जड गेलं ते मी जीप निघताना पाहिलंय. पोरगी रडली नाही. जीप वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मला म्हणाली, “मॅडम, अपूर्णांक परत समजावा.”

८ डिसेंबर, सोम.

के. प्र. उगवले. ग्रुपवर त्यांचा मेसेज, तो असा:

“हो. आजच काढा.”

बस्स. कुणाला? काय काढा? वर मी आहे, ‘काढू नये’ म्हणणारी. मध्ये पाटील सर आहेत, खालच्या गावच्या शाळेचे. त्यांनी विचारलंय, आमच्याकडे काही मुलांची नावं दोनदा आली आहेत, ती काढू का? आणखी कुणीतरी शाळेच्या वर्षपूर्तीचा फोटो काढण्याबद्दल विचारलंय. सगळ्यांच्या डोक्यावर एकच ‘हो’. आणि खाली ओळीने ‘ओके सर’, ‘ओके सर’, ‘जी सर’. ज्यांनी काहीच विचारलं नव्हतं त्यांचंसुद्धा.

मी लगेच टाकलं, “सर, हे पाटील सरांना की मला? वनिताचं नाव ठेवायचं आहे.”

उत्तर आलं. अंगठा.

झाडाखाली मी मोठ्याने एक शब्द बोलले, तो इथे लिहीत नाही. शेळ्या चारणारी म्हातारी वळून बघत राहिली.

१० डिसें.

नाव गेलं.

परीक्षेच्या फॉर्मवर बघायला गेले तर लाल अक्षरात, ‘विद्यार्थी शाळेत नोंदलेला नाही.’ पोर्टल उघडायला झाडाखाली अर्धी संध्याकाळ गेली. वनिता नाही. भाऊ तर नाहीतच, पण वनिताही नाही. आज सकाळी ती माझ्यासमोर बसून भागाकार करत होती, आणि सरकारच्या लेखी ती शाळेतच नाही.

तेच पान पुन्हा पुन्हा खालीवर करून बघितलं. रागाने. भीतीनेही, खोटं कशाला लिहू.

११ डिसें., गुरु.

ऑपरेटरला फोन. तालुक्याला बसतो, पोर्टलचं सगळं त्याच्या हातात. पोरगा वाईट नाही.

“मॅडम, साहेबना आदेश उना ग्रुपवर, आजच काढा. मी स्थलांतरवाला समदा नाव काढी टाकं.”

“अरे, पण मी लिहिलं होतं ना, काढू नये म्हणून?”

“ते वर ऱ्हायी गयं व्हई, मॅडम. तेन्हा खाले हो व्हतं.”

तेन्हा खाले हो व्हतं! झालं. जे खाली येईल ते वरच्याचं उत्तर, हाच यांचा कायदा.

मग पाटील सरांना फोन लावला. ते ओशाळले. “मॅडम, ते तं मन्हा प्रश्नले उत्तर व्हतं. साहेबनी माले सांगं व्हतं.”

“मग ग्रुपवर तसं लिहा ना, सर. एक ओळ.”

मग म्हणाले, साहेबांना सगळ्यांसमोर चुकलात असं कसं म्हणायचं? ते आपले मोठे, रिटायरमेंटला आलेले. मग काय, वडाची साल पिंपळाला लागली तरी चालेल, पण साहेबांचा मान गेला नाही पाहिजे. पाटील सर सभ्य माणूस. या सभ्यतेचा मला वीट आलाय.

१३ डिसें., शनि. प्रकाशा

घरी आले. तापीचं पाणी, शेवग्याची आमटी, काही गोड लागलं नाही. सासूबाईंनी ओळखलं.

“काय व्हयनं वं माय? उनी तशी तोंड फुगाडीसन बठेल शे.”

सगळं सांगितलं. त्या ऐकून घेतात, हे त्यांचं चांगलं. शेवटी म्हणाल्या, “साहेबसंगे भांडीसन कोनं भलं व्हयेल शे? गोडगोड बोलीसन काम काढी ल्यावानं.”

नवरा, योगेश, औषधांच्या दुकानातून आला, त्याचं दुसरंच. “तू तो ग्रुपच सोडी दे ना. डोक्याला ताप नही.”

वा रे. मी सोडते. मग वनिताने कुणाला सोडायचं? त्याच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक तापाच्या गोळीला आलं आणि शेजारच्याच्या चिठ्ठीवर ‘हो’ म्हणून याने त्याला जुलाबाची दिली, तर काय होईल? तसं म्हटलं तर हसला. मला हसू आलं नाही.

१४, रवि.

आज पूर्ण रेंज. ओट्यावर बसून ग्रुपसाठी मेसेज लिहिला. पहिला खर्डा योगेशला वाचून दाखवला. त्याने ‘अक्कल’ हा शब्द दोन्ही ठिकाणचा काढायला लावला, आणि ‘बैलांना तरी कळतं’ हे वाक्यही. उरलं ते असं:

“सर्वांना नम्र विनंती. ज्या मेसेजला उत्तर द्यायचं त्यावर बोट दाबून ठेवलं की तो वर दिसतो, मग खाली लिहावं. ते जमत नसेल तर निदान नाव लिहावं आणि कशाबद्दल ते लिहावं. ठेवू की काढू असं विचारलं तर नुसतं हो लिहू नये. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, त्यात कमीपणा नाही. ज्याचा प्रश्न नाही त्याने ओके लिहू नये. वाढदिवसाचा वेगळा ग्रुप करावा. डोंगरातल्या शाळांना सगळे मेसेज दिवसातून एकदाच, एकत्र दिसतात, आणि एका उत्तरावर एका मुलीचं वर्ष जाऊ शकतं.”

शेवटचं वाक्य योगेशने राहू दिलं. वाचून फोन परत दिला. मग म्हणाला, टाक.

टाकलं.

१५, सोम.

पालथ्या घड्यावर पाणी. झाडाखाली उभी राहून वाचलं, ते आलं तसं उतरवते.

“खूप छान विचार, मॅडम.” “अगदी बरोबर, मॅडम.” टाळ्या. टाळ्या. गुलाब. “सुंदर संदेश, पुढे पाठवतो.” एकाने लिहिलंय, “हो.” कशाला हो रे बाबा? एकीने विचारलंय, “हे कुणाला उद्देशून?” मग कुणीतरी अंडी वाटपाचे फोटो टाकले. त्याखाली के. प्र.: “सर्वांनी नोंद घ्यावी.”

माझी की अंड्यांची?

वनिताबद्दल एक अक्षर नाही. एकानेही विचारलं नाही की मॅडम, कोणती मुलगी, काय झालं. एवढे मास्तर आहेत त्या ग्रुपात. राग आहेच, पण आज जास्त वाईट वाटलं. उतरताना पाय घसरला, कोपर खरचटलं.

१६, मंगळ.

ग्रुप बंद. म्हणजे चालू आहे, पण आता फक्त ॲडमिनच लिहू शकतात. खाली के. प्र. यांचा खुलासा: “ग्रुपवर अनावश्यक चर्चा होत असल्याने.”

अनावश्यक! गुलाबांनी ग्रुप भरला तेव्हा आवश्यक होतं. समया आवश्यक होत्या. साहेब सूर्यातून उगवले तेही आवश्यक. एका बाईने नीट उत्तर मागितलं की ती चर्चा झाली, आणि चर्चा अनावश्यक.

पाटील सरांचा वेगळा मेसेज आला. “मॅडम, आते कशी शांतता शे.” टोमणा मारतात की खरंच बरं वाटलंय त्यांना, कळत नाही. दोन्हीचा राग आला.

१७ डिसें.

वनिताचे काका रायसिंग सकाळीच शाळेत आले. डोक्यावर जळणाचा भारा होता, तो भिंतीला टेकवला आणि उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. घरी पावरी बोलीच बोलतात, माझ्याशी मराठी बोलताना शब्द मोजून बोलतात.

“मॅडम, तिचा बाप फोन करते तिकडून. परीक्षा कोणता तारीख, विचारते. मी काय सांगू?”

मी म्हटलं, होईल, मी बघते आहे.

“कागदात काही अडचण हाय का?”

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. मग खरं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. त्यांनी शाळेच्या फळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “पोरगी तर रोज येते ना शाळेत? सगळा पाडा बघते.”

हो, रायसिंग भाऊ. सगळा पाडा बघतो. पण पाडा पोर्टलवर नाही.

फॉर्म दुरुस्तीची मुदत नाताळच्या आधी संपते. उद्या-परवात उतरायलाच हवं.

१९, शुक्र.

धडगाव. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलत नव्हता. “बसा मॅडम, दोन सीट उन्यात का निंघूतच.” त्या ‘निंघूतच’मध्ये दीड तास गेला.

ऑपरेटर म्हणाला, मी नाव परत घालू शकतो, पण ज्यांच्या आदेशाने काढलं त्यांचा आदेश लागेल. त्याचं बरोबर आहे. तेवढा एकच माणूस आज माझ्याशी नीट बोलला.

के. प्र. आत होते. चहा घेत होते. मला खुर्ची दिली, माणूस खुर्ची देणारा आहे. मी सगळं सांगितलं, सावकाश, आवाज न चढवता, सासूबाईंना आवडलं असतं असं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मान डोलावली. आणि म्हणाले,

“ठीक आहे. एक काम करा. ग्रुपवर टाका, मॅडम.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा करताहेत असं वाटलं. नव्हते करत. ग्रुप आपण बंद केलाय हे ते विसरले होते.

“सर, ग्रुपवर फक्त तुम्हालाच लिहिता येतं.”

“हां हां. मग मला पर्सनलवर टाका. बघतो.”

“सर, मी समोर बसले आहे.”

“हो, पण रेकॉर्डला असलं पाहिजे ना.”

तिथेच पर्सनलवर टाकलं. त्यांचा फोन टेबलावर वाजला. त्यांनी तो उलटा ठेवला आणि पुढच्याशी बोलायला लागले. मूग गिळून बाहेर आले. जीपमध्ये बसल्यावर रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

२२ डिसें., सोम.

आज वनिताला घेऊन गेले. रायसिंग भाऊही. शाळा दुसऱ्या मॅडमवर सोपवली. वनिताने धुतलेला युनिफॉर्म, केसांना तेल. घाटात तिला उलटी झाली, युनिफॉर्मला लागू दिली नाही.

के. प्र. यांच्या टेबलासमोर चारपाच जण उभे होते. मी रांग मोडली. मोडली, हो.

“सर, ही वनिता. पोर्टल म्हणतं ही शाळेत नाही. तुम्ही बघा, आहे का?”

वनिताने नमस्कार केला, शिकवल्यासारखा. के. प्र. म्हणाले, मॅडम, तुम्ही जरा शांतपणे...

माझं सुटलं. काय काय बोलले ते पूर्ण आठवत नाही. एवढं आठवतं: “शांतपणे चार तारखेला विचारलं होतं, सर. फोन काढा. ग्रुपवरचा माझा मेसेज शोधा. त्यावर बोट दाबून ठेवा. आता लिहा. मुलीचं नाव लिहा, काय करायचं ते लिहा. मी इथून हलणार नाही.”

काय गंमत, माणसाने फोन काढला. चष्मा लावला. बोट नुसतं ठेवत होते आणि उचलत होते, मेसेज वर येईना. मी टेबलाला वळसा घालून गेले आणि दाखवलं. “दाबून ठेवा, सर. सोडू नका.” त्यांना खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं ग्रुपचे मालक आणि हे माहीतच नव्हतं! थोडी कीव आली. राग गेला नाही, पण त्याच्या बाजूला कीव येऊन बसली.

लिहिलं त्यांनी. माझ्या मेसेजखाली, नावासकट: वनिताचे नाव काढू नये, काढले असल्यास पूर्ववत करावे. सगळ्या केंद्राने वाचलं असेल. मागे उभा असलेला एक मास्तर हळूच मला म्हणाला, “बरं करं, मॅडम.” ग्रुपवर लिहायची सोय असती तर त्यानेही गुलाबच टाकला असता.

धावत ऑपरेटरकडे. त्याने भरलं, दाबलं. चक्र फिरत राहिलं. मग आलं, ‘विनंती वरिष्ठ स्तरावर मान्यतेसाठी प्रलंबित.’

“वर म्हणजे कुठे?”

“जिल्हाले, मॅडम.”

“कधी होईल?”

“आज बी व्हयी जाई. नही बी व्हवाव.”

“कुणाला फोन करू?”

त्याला माहीत नव्हतं. पण तसं सांगितलं त्याने, “माले माहीत नही.” त्याच्यावर चिडता येईना. परत येताना जीपमध्ये वनिता मध्ये बसली होती, मी आणि रायसिंग भाऊ दोन्ही बाजूंना. एका वळणावर तिने विचारलं की अपूर्णांकाची बेरीज करताना खालचा आकडा सारखा का करायचा. मी समजावलं, हातावर बोटाने लिहून.

२३ डिसें., मंगळ.

सकाळीच झाडाशी जाऊन आले. प्रलंबित.

दुपारच्या सुट्टीत पुन्हा. प्रलंबित. दुरुस्तीची मुदत उद्या संध्याकाळी संपते.

खाली आले तर वर्गाच्या दारात वनिता उभी. बाकीची पोरं खिचडीला गेली होती. ही थांबली होती. हात मागे, पाठ ताठ.

“मॅडम, मी परीक्षेला बसणार की नाही बसणार?”

इतका स्वच्छ प्रश्न या महिन्यात मला कुणी विचारला नव्हता. एकच प्रश्न, दोनच उत्तरं, आणि कुणाला विचारलाय यात कसलीच शंका नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला माहीत नव्हतं. तसं म्हणायला पाहिजे होतं.

मी म्हटलं, “हो हो, बघू.”

ती “बरं” म्हणाली आणि जाऊन जागेवर बसली. जेवायला गेली नाही.